शेतकरी भाव मागतो, नियम दुसरेच लिहितात

इंदूरच्या एका मुलीने प्रश्न विचारलाय. ती राज्यशास्त्र शिकते. आजोळ देपालपूर तहसिलीत, आजोबांची बावीस बिघे जमीन. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि थोडा लसूण. ती लिहिते, "प्रत्येक निवडणुकीत सगळेच पक्ष शेतकऱ्याचं नाव घेतात, तरी आजोबांच्या तोंडी एकच वाक्य, शेतकऱ्याला वाली नाही. मग शेतकऱ्यांचं राजकीय हित नेमकं कशात असतं? एवढी संख्या असून ते पदरात का पडत नाही?" जाता जाता तिने असंही विचारलंय की गावाजवळून नवा हायवे जाणार असं कानावर येतंय, तर आजोबांनी आत्ताच काही करायला हवं का. हा शेवटचा प्रश्न मला पहिल्या दोन्हींइतकाच मोठा वाटतो. त्यावर शेवटी येते.

मी इंदूरला एकतीस वर्षं वकिली करतेय. कामं महसुलाची, मंडीची आणि भूसंपादनाची. रामबागेतल्या माझ्या ऑफिसात शेतकरी येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा बियाण्याच्या दुकानातून मिळालेली कापडी पिशवी असते. बोलायला सुरुवात करतो ती भावापासून. मी त्याला आधी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. जमीन-कर्जाच्या नोंदींची ऋण पुस्तिका, खसऱ्याची म्हणजे शेताच्या सरकारी नोंदीची नक्कल, मंडीत पैसे मिळाल्याचं भुगतान पत्रक, सोसायटीची नोटीस, पीक विम्याचा हप्ता कापल्याची नोंद असलेलं पासबुक, आणि घड्या घालून घालून फाटायला आलेली ई-उपार्जनच्या, म्हणजे सरकारी खरेदीच्या, पंजीयनाची पावती. यातल्या प्रत्येक कागदामागे एक नियम आहे आणि तो कुणीतरी कुठेतरी बसून लिहिलाय. शेतकऱ्याचं राजकीय हित त्या लिहिण्याच्या जागी असतं. त्याची मागणी मात्र जवळजवळ नेहमी पैशाची असते: भाव वाढवा, कर्ज माफ करा, बोनस द्या. कधी कधी ती मान्यही होते. पैसे येतात, आणि पुढच्या हंगामात एखादा नियम बदलून त्याहून जास्त निघून जातात. आजोबा वाली नाही म्हणतात त्याचा अर्थ मी असा लावते.

आधी शेतकरी म्हणजे कोण, हे बघायला लागेल, कारण हित एकच आहे असं धरून चाललं की पुढचं सगळं चुकतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातले ८६ टक्के वहितीदार दोन हेक्टरच्या आतले निघाले. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये आलं, त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. सरासरी शेतकरी कुटुंब आपल्या पिकापेक्षा मजुरीवर जास्त कमावतं. अशी कितीतरी घरं वर्षातले काही महिने गहू विकत घेऊन खातात. त्यांना गव्हाचा भाव वाढलेला हवा की उतरलेला? दोन्ही हवं असतं, वेगवेगळ्या महिन्यांत.

तुझ्या आजोबांच्या शेतातच बघ. सोयाबीन कापायला झाबुआ-अलीराजपूरकडून आदिवासी कुटुंबं येतात. त्यांचीही तिकडे डोंगरात थोडी जमीन असते, म्हणजे तेही शेतकरीच. आजोबांच्या वहीत कापणीची मजुरी खर्चाच्या बाजूला लिहिलेली असते, त्यांच्या घरात तीच वर्षाची रोख मिळकत असते. हंगामात रोजगार हमीची कामं बंद ठेवा अशी मागणी मोठे शेतकरी करत आले, तेव्हा ती दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या ताटातून काढून घेतलेली असते. मग बटाईवाला. जमीन कसतो तो, नाव खसऱ्यात दुसऱ्याचं. गारपीट झाली की भरपाई मालकाच्या खात्यात. मध्य प्रदेशात २०१६ साली बटाईदार आणि भूमिस्वामी या दोघांच्याही संरक्षणाचा कायदा झाला, लेखी करार केला तर बटाईवाल्यालाही भरपाईत वाटा मागता येतो. पण मालक लेखी करत नाहीत, कब्जा जाईल या भीतीने, आणि बटाईवाला आग्रह धरत नाही, पुढच्या साली शेत मिळणार नाही या भीतीने. एवढ्या वर्षांत असे रीतसर करार माझ्या टेबलावर फार थोडे आले. बायकांचं तर विचारूच नकोस. त्याच कृषी गणनेत जेमतेम १४ टक्के वहिती बायकांच्या नावावर दिसते. निंदणी-खुरपणी कोण करतं ते तू आजोळी पाहिलंच असशील.

तेव्हा 'शेतकऱ्यांचं हित' असं एकवचनात कुणी बोललं की मी विचारते: कुणाचं? विकणाऱ्याचं की विकत घेणाऱ्याचं, मालकाचं की कसणाऱ्याचं, बायपासला लागून असलेल्याचं की तीस किलोमीटर आतल्याचं? संघटना फुटतात त्या पुढाऱ्यांच्या अहंकाराने, असं सगळे म्हणतात. अहंकार असतोच. २ ऑक्टोबर १९८९ ला दिल्लीच्या बोट क्लबवर शेतकरी संघटनेचे शरद जोशी आणि भारतीय किसान युनियनचे महेंद्रसिंह टिकैत यांचे लोक व्यासपीठावरच भिडले, देशाची एकत्र शेतकरी चळवळ तिथेच थांबली. पण खाली जमीन वेगळी होती. जोशींच्या मागे चाकणचा कांदा उत्पादक होता, निपाणीचा तंबाखूवाला होता, ज्याला बाजार खुला हवा होता, सरकारने हात काढून घ्यायला हवे होते. टिकैतांच्या मागे पश्चिम उत्तर प्रदेशातला उसाचा आणि कूपनलिकेच्या विजेचा शेतकरी होता, ज्याला सरकार जवळ हवं होतं. दोघंही आपापल्या जागी खरे होते. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा मला आजही पटते. मात्र दाम ठरतो कुठे, यावर त्या दोघांचं कधी जमलं नसतं.

आता भाव. पिशवीतला मंडीचा कागद घेऊ.

छावणी मंडीत सकाळी नीलामी सुरू होते तेव्हा एकदा उभी राहा. ट्रॉलीपुढे सोयाबीनचा ढीग, भोवती सात-आठ व्यापारी, मंडीचा कर्मचारी बोली पुकारतो. एक व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर दाणे वर काढतो, दोन दाताखाली फोडतो. त्या आवाजावरून त्याला ओलावा कळतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मळलेला माल बहुतेक त्याच्या वरच असतो. मिनिटभरात बोली संपते. ज्या भावावर वर्षाची गणितं अवलंबून, तो ठरायला लागलेला वेळ एवढाच. शेतकरी ट्रॉलीच्या कडेला उभा असतो, बोलत नाही.

२०२५ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. मंडीत भाव त्याच्या बराच खाली होता, म्हणून राज्य सरकारने भावांतर योजना परत आणली. ही योजना पहिल्यांदा ऑक्टोबर २०१७ मध्ये आली होती, मंदसौरच्या गोळीबारानंतर. तिचं गणित असं: सरकार काही दिवसांचा सरासरी म्हणजे मॉडेल भाव काढतं आणि हमीभाव व मॉडेल भाव यांतला फरक खात्यात टाकतं. समजा मॉडेल भाव ४,००० निघाला. तुझ्या आजोबांचा माल ओला म्हणून ३,६०० ला गेला. त्यांना १,३२८ मिळतील, हाती ४,९२८. शेजाऱ्याचा ४,३०० ला गेला, त्याला उरलेले १,०२८ मिळतील आणि त्याचे पूर्ण ५,३२८ होतील. म्हणजे ज्याला बाजारात कमी मिळालं त्यालाच एकूणही कमी मिळतं. लहान शेतकऱ्याकडे वाळवायला जागा नसते, थांबायला पैसे नसतात, म्हणून हे ४०० रुपये बहुधा त्याचेच जातात. वर्तमानपत्रात मात्र बातमी 'शेतकऱ्यांना हमीभाव' अशी येते. आजोबांनी कुणाकडे ४०० रुपयांची तक्रार करायची? व्यापाऱ्याने कायदा मोडला नाही, सरकारनेही नाही. मॉडेल भाव कसा काढायचा हे ज्या बैठकीत ठरलं तिथे आजोबांच्या वतीने बोलणारं कुणी निवडून गेलेलं नव्हतं.

हमीभाव स्वतः किती लोकांपर्यंत पोचतो? २०१५ साली अन्न महामंडळाचा आढावा घेणाऱ्या शांताकुमार समितीने म्हटलं की सरकारी खरेदीत थेट माल घालणारे शेतकरी सहाच टक्के. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर निदान पन्नास टक्के जास्त भावाची शिफारस केली होती. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने ती मानल्याचं सांगितलं, पण खर्च कोणता धरायचा यात सगळी गंमत अडकून राहिली. खिशातून केलेला खर्च आणि घरच्यांची मेहनत धरली की एक आकडा येतो. जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज धरलं की त्याहून मोठा. सरकारने पहिला धरला. आंदोलनात घोषणा दुसऱ्याची असते. मला हा वाद पोकळ वाटत नाही. सोयाबीनच्या प्रत्येक क्विंटलमागे तो शेकड्यांत मोजता येतो.

पण त्याहून मोठा हात दुसराच आहे आणि तो शेतातून दिसत नाही. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. मलेशिया-इंडोनेशियाचं पाम तेल आणि अर्जेंटिनाचं सोया तेल बंदरावर किती जकात भरून उतरतं, त्यावर छावणीतली बोली ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये माळव्यात सोयाबीनला ६,००० चा भाव द्या म्हणून ट्रॅक्टर मोर्चे निघाले. हमीभाव तेव्हा ४,८९२ होता आणि बाजार त्याच्याही खाली. केंद्राने राज्याला हमीभावाने खरेदीची परवानगी दिली आणि १३ सप्टेंबरला कच्च्या खाद्यतेलावरची मूळ जकात शून्यावरून २० टक्के केली. त्याच दिवशी कांद्याचं निर्यात शुल्कही ४० वरून २० टक्क्यांवर आलं. माझं मत स्पष्ट सांगते: त्यात माळव्याच्या ट्रॅक्टरांइतकाच महाराष्ट्राच्या विधानसभेचा हात होता. नोव्हेंबरमध्ये तिथे मतदान होतं, विदर्भ-मराठवाडा सोयाबीनचा पट्टा, आणि लोकसभेला दिंडोरी-नाशिकमध्ये कांद्याने सत्ताधाऱ्यांना कसं पाडलं ते ताजं होतं. निवडणूक झाली. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरची जकात अर्धी करून १० टक्क्यांवर आणली गेली. त्या दिवशी माळव्यात शेतकरी बियाणं निवडत होता, पेरणी तोंडावर होती. मोर्चा निघाला नाही. निघणार तरी कसा? जकातीचा कागद त्याच्या पिशवीत कधी नसतोच.

गव्हाचंही तेच. २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेनच्या युद्धामुळे बाहेर गव्हाला मागणी आली, व्यापारी हमीभावाच्या, म्हणजे २,०१५ रुपयांच्या वर घेत होते. माझे अशील पहिल्यांदा म्हणाले, यंदा सरकारी खरेदीला जायचंच नाही. १३ मे ला निर्यातबंदी आली. शहरातल्या आपल्या लोकांना या बंदीचा राग यायचं कारण नव्हतं, उलट बरं वाटलं. इंदूरच्या मराठी घरांतही कांदा साठ रुपये झाला की सरकार काय करतंय असं विचारलं जातं, दोन रुपये झाला तर कुणी विचारत नाही. मी हे टोमण्याने म्हणत नाहीये, माझ्याही घरात तेच होतं. पण ग्राहकाचा आवाज सरकारला रोज ऐकू येतो, महागाईच्या आकड्यात दर महिन्याला छापून येतो. शेतकऱ्याचा आवाज ऐकू यायला रस्ता अडवावा लागतो.

आणि मत? संख्या आहे, मान्य. ६ जून २०१७ ला मंदसौर जिल्ह्यात पिपलिया मंडीजवळ पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. सगळ्या देशात ते नाव झालं. पुढच्याच वर्षी विधानसभेची निवडणूक झाली, राज्यात सरकार बदललं, आणि मंदसौर जिल्ह्यातल्या चारपैकी तीन जागा तेव्हाच्या सत्ताधारी भाजपनेच जिंकल्या. दिल्लीहून आलेल्या पत्रकारांना हे कोडं वाटलं. मला वाटलं नाही. शेतकरी मत देताना फक्त शेतकरी नसतो. तो पाटीदार असतो, धाकड असतो, कुणाचा जावई असतो, त्याचा देव असतो, पक्षाशी वीस वर्षांचं नातं असतं. त्यात चुकीचं काही नाही, माणसं अशीच मत देतात. म्हणून निवडणुकीत शेतकऱ्याच्या नावावर जे येतं ते सगळ्यांना सारखं वाटता येईल असं, म्हणजे रोख रक्कम. केंद्राचे वर्षाला सहा हजार, वर राज्याचे. गव्हावर बोनस, २०२५ च्या रब्बीत हमीभाव २,४२५ आणि राज्याचे १७५, मिळून २,६००. घरी आलेला पैसा मी कमी लेखत नाही, बियाण्याच्या वेळी दोन हजार किती उपयोगी पडतात ते मला माहीत आहे. पण रोख रक्कम बंद करणं सोपं असतं.

कर्जमाफीचं एक जवळून पाहिलेलं सांगते. १७ डिसेंबर २०१८ ला, नव्या मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीच्या दिवशीच, दोन लाखांपर्यंतच्या माफीच्या आदेशावर सही झाली. सांवेरकडचे एक गृहस्थ, तेव्हा साठीचे, सोसायटीचं कर्ज कधीही न थकवलेले. मध्य प्रदेशात सोसायटीचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर शून्य टक्क्याने मिळतं, ते वर्षानुवर्षं मिळवत होते. सगळ्यांनी सांगितलं, आता भरू नका, माफ होणार आहे. त्यांनी भरलं नाही. त्यांचं नाव पुढच्या टप्प्यात होतं, तो टप्पा यायच्या आत मार्च २०२० मध्ये सरकार पडलं. ते डिफॉल्टर झाले. शून्य टक्का गेला, सोसायटीतून उधारीवर खत मिळणं बंद झालं, डीएपीसाठी खासगी दुकानात रोख मोजायला लागले. माझ्यासमोर बसून ते एवढंच म्हणाले, "दीदी, मी मागितली नव्हती हो माफी." २०२३ मध्ये राज्याने अशा थकबाकीदारांचं व्याज भरायची योजना आणली, तोवर त्यांचे चार खरीप त्या शिक्क्याखाली गेले होते. मी माफीच्या विरोधात नाही. १८७५ साली सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, कर्ज हा शेतकऱ्याच्या राजकारणाचा जुना आणि खरा विषय आहे. पण तो कायदा होता, कोर्टाने सावकाराचा हिशेब तपासावा असं त्यात लिहिलं होतं. घोषणेत असं काहीच लिहिलेलं नसतं.

मग शेतकरी जिंकतात कधी? अडवायचं असतं तेव्हा. केंद्राचे २०२० चे तीन कृषी कायदे वर्षभराच्या धरण्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले गेले. आपल्याकडे उज्जैनला सिंहस्थासाठी जमिनी कायमच्या एकत्र करायची योजना आली, भारतीय किसान संघ, जो सत्ताधाऱ्यांच्याच परिवारातला, तो रस्त्यावर उतरला आणि २०२५ च्या अखेरीस सरकारला ती मागे घ्यावी लागली. दोन्ही वेळा मागणी एका शब्दाची होती: रद्द करा. जमीन जाणार म्हटल्यावर दोन बिघेवाला आणि दोनशे बिघेवाला एका ट्रॉलीत बसतात. काही नवं उभं करायचं आलं की ते परत वेगळे होतात. हमीभावाच्या कायद्याची मागणी दिल्लीच्या धरण्यात होतीच, जुलै २०२२ मध्ये तिच्यासाठी समिती नेमली, कायदा झाला नाही.

इथे मला ज्या गोष्टीचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं ती सांगते. मध्य प्रदेशच्या १९७२ च्या मंडी कायद्याप्रमाणे मंडी समितीवर शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असतात आणि अध्यक्षही शेतकरीच. तौल काट्याची तपासणी, शेड, नीलामीची वेळ, आणि मालाचे पैसे त्याच दिवशी मिळायला हवेत या नियमाची अंमलबजावणी, हे सगळं त्या समितीच्या हातात. शेतकऱ्याला शेतकरी म्हणून मत देता येईल अशा थोड्या निवडणुकांतली ही एक, जात आणि पक्ष बाजूला ठेवून. ती दहा वर्षांहून जास्त काळ झालेली नाही. मुदतवाढ झाली, मग कार्यालयाच्या दारावर भारसाधक, म्हणजे सरकारने नेमलेल्या, अधिकाऱ्याची पाटी आली, ती आजवर आहे. अधिकारी चांगले असतात, वाईट असतात. ते शेतकऱ्याला उत्तर द्यायला बांधलेले नसतात. व्यापाऱ्यांची संघटना मात्र रोज हजर असते. २०२० मध्ये त्यांनी मंड्या बंद ठेवल्या आणि मंडी शुल्क काही महिन्यांसाठी शंभराला दीड रुपयावरून पन्नास पैशांवर आलं. त्यांनी आपलं हित नीट ओळखलं, दोष देण्यासारखं त्यात काही नाही. पण मंडीची निवडणूक घ्या, या मागणीसाठी ट्रॅक्टर मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही. सहा हजारांच्या भावासाठी निघाला. ही मागणी भावाच्या मागणीच्या वर, पहिल्या ओळीत असायला हवी, असं मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक संघटनेच्या लोकांना सांगतेय.

तुझ्या आजोबांच्या लसणाचंच घे. लसूण भाजी की मसाला, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अनेक वर्षं चालला. ऐकायला किरकोळ वाटतो. मसाला म्हटला तर तो कृषी उपज मंडीत खुल्या नीलामीत विकायचा, मध्ये आडत्या, म्हणजे दलाल, नाही. भाजी म्हटला तर चोइथराम मंडीत आडत्यामार्फतही विकता येतो, मग आडत कोण देणार हा प्रश्न आला. मंडी बोर्डाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्याच मागणीवरून भाजीची बाजू घेतली, कृषी विभागाने ती फिरवली, आडत्यांची संघटना कोर्टात गेली, निकाल आले, पुनर्विचार झाला, आणि २०२४ मध्ये खंडपीठाने लसूण भाजी धरला. लसणात दोन रुपये मिळणार की चार, हे एका शब्दावर ठरत होतं. त्या वर्षांत सुनावणीला आडत्यांचे वकील दिसायचे, व्यापाऱ्यांचे दिसायचे. लसूण पिकवणाऱ्यांच्या बाकावर फार क्वचित कुणी असायचं.

आता तुमच्या रस्त्याचं. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ च्या कायद्याच्या कलम ३-अ खाली अधिसूचना निघते, राजपत्रात आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तिथून २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची असते. हे २१ दिवस बहुतेक गावं मोबदला किती मिळणार याच्या चर्चेत घालवतात. मोबदला २०१३ च्या कायद्याच्या हिशेबाने ठरतो: बाजारमूल्य, त्याला गावासाठी एक ते दोनच्या मधला गुणक, आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम. मध्य प्रदेशाने कायदा आल्यावर गुणक एक ठेवला, म्हणून चारपट मिळू शकणारा मोबदला दुप्पटीवर थांबला. इंदूरच्या नव्या बाह्य रस्त्यांच्या आंदोलनांत भांडण त्याच एका आकड्याचं होतं. तो राज्य सरकारने ठरवायचा असतो, आमदाराला विचारायचा प्रश्न तो आहे, आणि मतदानाच्या आधी विचारायचा आहे.

आजोबांनी मात्र आजच पटवाऱ्याकडे जावं. पणजोबांच्या नावावर अजून खातं असेल तर फौती नामांतरण, म्हणजे वारसांची नोंद, करून घ्यावं, भावांत वाटणी झाली असेल तर ती कागदावर आणावी. विहीर, पाइपलाइन, झाडं खसऱ्याच्या शेऱ्यात चढवावीत. नंतर सांगितलेली विहीर मोजत नाहीत. नुसतं बोलून आलं तर काम झालं असं धरू नका, अर्जाची पोच घ्या. मग अधिसूचना आलीच तर गावाने मिळून एक हरकत द्यावी. जमीन देणार नाही एवढंच त्यात लिहून भागत नाही. काळ्या मातीत रस्त्याचा भराव पडला की वरच्या शेतांचं पाणी अडतं. मी अशी गावं पाहिली आहेत जिथे मोबदला चांगला मिळाला आणि उरलेल्या जमिनीत दोन पावसाळे सोयाबीन सडली, कारण मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, नकाशात नव्हती आणि ती मागायची वेळ निघून गेली होती. ज्यांची जमीन गेली त्यांचं नुकसान भरलं, ज्यांची राहिली त्यांचं कुणी मोजलंच नाही. म्हणून हरकतीत रस्ता कुठून ओलांडायचा ते लिहा, ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल एवढ्या उंचीचा बोगदा मागा, आणि तुमच्याकडच्या प्रत्येक नाल्याचा खसरा क्रमांक टाकून तिथे मोरी हवी असं स्पष्ट लिहा. ज्यांची जमीन जात नाही त्यांच्याही सह्या घ्या. मसुदा तयार झाला की सुटीच्या दिवशी आजोबांना घेऊन ये, पिशवीसकट.